एक्केचाळीस बाराची खोली

पत्राने इंग्रजी शिकवणाऱ्या त्या संस्थेत बारा पाठ होते आणि बारा तपासनीस. प्रत्येकाच्या वाट्याला एकच पाठ, आणि तो एकदा गळ्यात पडला की पडला. त्यामुळे तिथे कोणाला नावाने हाक मारायची पद्धतच उरली नव्हती. आठवे, नववी, अकरावे असंच चालायचं. सातवा पाठ तपासणाऱ्या बाई म्हणजे सातव्या बाई. एकोणीस वर्षं हेच ऐकून त्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की एकदा दवाखान्यात त्यांचं खरं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्या खुशाल बसून राहिल्या आणि त्यांचा नंबर गेला.

सातवा पाठ म्हणजे 'ए', 'ॲन', 'द' आणि काहीच नाही. बाकीचे तपासनीस या पाठाला हसायचे. आठवे म्हणायचे, "तुमचं बरं आहे बाई, तीन शब्दांत संसार." पण हे तीन शब्द आणि चौथी रिकामी जागा भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणतात, हे सातव्या बाईंना ठाऊक होतं. आपल्या भाषेत माणूस दार उघडतो, खुर्ची ओढतो आणि बसतो. कुठलं दार, कोणती खुर्ची, ते ज्याचं त्याला कळतं. इंग्रजीचं तेवढ्याने भागत नाही. तिला आधी सांगावं लागतं, की ही खुर्ची ऐकणाऱ्याच्या ओळखीची आहे की नाही. नसेल तर 'ए', ओळख झाली की 'द', आणि पाणी, भूक, धीर असल्या न मोजता येणाऱ्या गोष्टींच्या पुढे बहुतेक वेळा काहीच नाही. छापील पाठात एवढं सांगायला चार पानं घेतली होती. बाईंच्या मते दीड पान पुरलं असतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

कामाची रीत ठरलेली. मंगळवारी सकाळी संस्थेत जायचं, गठ्ठेवाल्या काकांकडून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घ्यायचा, घरी आणून तपासायचा आणि पुढच्या मंगळवारी परत द्यायचा. उत्तरपत्रिकेवर नाव नसे, फक्त नंबर. नाव, पत्ता सगळं ऑफिसातल्या कपाटात कुलपात, म्हणजे ओळखीपाळखीने कोणाचे गुण वाढायला नकोत. तपासनिसाने लाल पेनाने बरोबर-चूक करायचं, चाळीसपैकी गुण द्यायचे आणि दोनपैकी एक शिक्का मारायचा. बत्तीस किंवा जास्त असतील तर 'पुढचा पाठ', कमी असतील तर 'पुन्हा'. यापलीकडे एक अक्षर लिहायची मुभा नव्हती. शेरा नाही, शाबासकी नाही, सही तर नाहीच.

तपासनिसाचं पूर्ण नाव विद्यार्थ्याच्या नजरेला पडायची एकच वाट होती. गुण देताना चूक झाली, तर ज्याची चूक त्यानेच विद्यार्थ्याच्या गुणकार्डावरचा आकडा खोडून नवा लिहायचा आणि शेजारी पूर्ण नावाने सही करायची. हे कार्ड शेवटी प्रमाणपत्राबरोबर विद्यार्थ्याकडे जात असे. अकराव्यांच्या सह्या डझनभर कार्डांवर होत्या. सातव्या बाईंवर एकोणीस वर्षांत ही पाळी आली नव्हती, आणि त्याचा त्यांना थोडा गर्व होता. थोडा म्हणजे चांगलाच.

सातव्या पाठाचा शेवटचा प्रश्न असा होता: 'तुमच्या खोलीचं दहा वाक्यांत वर्णन करा.' त्यामुळे सातव्या बाई आजवर हजारो खोल्यांमध्ये जाऊन आल्या होत्या. खोलीत एक टेबल आहे. टेबल खिडकीजवळ आहे. टेबलावर एक दिवा आहे. सगळ्या खोल्या अशाच. दहा वाक्यं आत बसायचं आणि निघायचं. उत्तीर्ण झालेला माणूस आठव्यांकडे जायचा, तो पुन्हा दिसायचा नाही. एखाद्याला निरोप द्यावा इतकी ओळख कधी व्हायचीच नाही.

त्यांची स्वतःची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खोली म्हणजे दीड खोली. आई होती तोवर ती लहान वाटायची. आई गेली त्याला दोन वर्षं झाली आणि आता तीच खोली अंगावर यायची. जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एकीवर त्या बसायच्या आणि आईच्या खुर्चीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवायच्या, म्हणजे ती रिकामी दिसायची नाही. दर रविवारी धाकटी बहीण फोन करायची, "ताई, जेवलीस का?" असं विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत आपल्या मुलांचं सांगायला लागायची. बाकीचे सहा दिवस फोन कपाटासारखा गप्प असायचा.

अशा एका मंगळवारच्या गठ्ठ्यात चार हजार एकशे बारा नंबर आला. काकांच्या तोंडी एक्केचाळीस बारा.

माणूस शिकण्यात कच्चा होता. जिथे 'द' हवा तिथे काही नाही, जिथे काही नको तिथे 'ए'. बाई सराईत हाताने काट मारत गेल्या आणि शेवटच्या प्रश्नाशी आल्या. त्याने लिहिलं होतं: माझ्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. एका खुर्चीवर मी बसतो. दुसऱ्या खुर्चीवर कोणी बसत नाही. मी रोज दोन्ही खुर्च्या पुसतो.

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. समोर आईच्या खुर्चीवर गठ्ठा होता. त्यांनी ती चार वाक्यं पुन्हा वाचली, मग चुका मोजून गुण काढले. सव्वीस. 'पुन्हा' हा शिक्का मारताना त्यांना एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

नापास झालेल्याने तीच दहा वाक्यं पुन्हा लिहायची नाहीत, नवी लिहायची, असा नियम होता. दोन आठवड्यांनी एक्केचाळीस बाराची दुसरी उत्तरपत्रिका आली. तो लिफ्ट दुरुस्त करत होता. खोलीत एक पेटी आहे. पेटीत हत्यारं आहेत आणि एक शिट्टी आहे. शिट्टी भावाची आहे. लिफ्टचं काम दोन माणसांचं असतं. एक वर, एक खाली. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे, तीन म्हणजे खाली. भाऊ परदेशात गेला आणि शिट्टी इथे राहिली. आता मी अनोळखी माणसांबरोबर काम करतो आणि ते ओरडतात.

एकोणतीस. हेही प्रामाणिक एकोणतीस होते. त्या आठवड्यात बाई आपल्या इमारतीच्या लिफ्टमधून जाताना कान देऊन ऐकू लागल्या. वरच्या बाजूला काहीतरी घासल्याचा आवाज यायचा, तो त्यांनी इतकी वर्षं ऐकलाच नव्हता.

रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा त्या आपणहून बोलल्या. "आमच्या ओळखीचे एक आहेत. त्यांचा भाऊ परदेशी गेलाय. फार एकटे पडलेत."

बहिणीचे कान टवकारले. "कोण गं हे?"

"लिफ्ट दुरुस्त करतात."

"अगंबाई. आणि नाव काय?"

बाईंच्या ओठांवर नंबर आला होता, तो त्यांनी गिळला. "तू नाही ओळखत त्यांना."

"तू तरी ओळखतेस का?" असं म्हणून बहीण हसली, आणि मग धाकट्याच्या दातदुखीकडे वळली. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण बाईंना ते दिवसभर टोचत राहिलं.

तिसऱ्या खेपेला एक्केचाळीस बाराने खिडकीचं सांगितलं होतं. खिडकीतून समोरची इमारत दिसते. त्या इमारतीत मी लिफ्ट बसवली. दिवसभर मी वर-खाली करतो पण कुठेच जात नाही. बाई मोठ्याने हसल्या. स्वतःच्या हसण्याने त्याच दचकल्या. मग गुणांची बेरीज केली: तेहतीस.

त्यांनी 'पुढचा पाठ' हा शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला आणि तसाच धरून बसल्या. हा शिक्का पडला की माणूस आठव्यांकडे गेला. आठवा पाठ शब्दयोगी अव्ययांचा, आठव्यांना टेबलाच्या वर आणि टेबलाच्या खाली यापलीकडे कशात रस नव्हता. ते शिट्टीबद्दल विचारणार होते थोडेच?

बाईंनी उत्तरपत्रिका पुन्हा वरून तपासायला घेतली. दोन ठिकाणी त्याने 'द' लिहिला होता आणि तिथे 'ए'ही चालला असता. चालला असता, म्हणून 'द' काही चुकीचा ठरत नव्हता. हे त्यांच्याइतकं चांगलं त्या संस्थेत कोणालाच कळत नव्हतं. त्यांनी दोन्हीकडे काट मारली. तेहतीसचे एकतीस झाले. दुसरा शिक्का मारला आणि मनाशी म्हणाल्या, की पाया पक्का झालेला बरा. मनाने ऐकून घेतलं, पण त्याला काही ते पटलं नाही.

एकदा हात बसला की तो बसतोच. चौथ्या खेपेच्या पस्तीसचेही एकतीस झाले. त्या वेळी त्याने लिहिलं होतं, की किटली दोघांची आहे आणि मी ती अर्धी भरतो. पाचव्या खेपेचे छत्तीस तीसवर आणले, आणि तेव्हा तर काट मारायला जागाही सापडत नव्हत्या, शोधून काढाव्या लागल्या. मंगळवारी गठ्ठा घेताना बाई आता रस्त्यातच दोरी सोडून नंबर बघायच्या. काका म्हणायचे, "काय बाई, लॉटरी लागायचीय का?" बाईंनी नवी चादर आणली. आरशात बघून केस विंचरायला लागल्या. कोणासाठी, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

सहावी उत्तरपत्रिका आली ती अडतीस गुणांची होती. काट मारायला कुठे तसूभर जागा नव्हती. बाईंनी चहा करून घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि शेवटचा प्रश्न वाचायला घेतला.

भिंतीवर एक कॅलेंडर आहे. कॅलेंडरवर एक लाल गोल आहे. गोल या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आहे. माझा भाऊ तिकडे लिफ्टच्या कंपनीत आहे आणि त्याने माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे. कंपनीला इंग्रजीचं प्रमाणपत्र हवं आहे. गोल संपला की ती जागा दुसऱ्याला जाईल. मला सहाव्यांदा लिहायला सांगितलं, म्हणजे अजून माझं चुकतं आहे. मी रोज संध्याकाळी अभ्यास करतो. भावाला मी अजून काही कळवलं नाही. आता सांगायला माझ्या खोलीत काही उरलं नाही.

चहा तसाच राहिला. बाई उठून स्वतःच्या कॅलेंडरपाशी गेल्या. शेवटच्या शुक्रवारला चार आठवडे होते. उरलेले पाठ पाच, प्रत्येकाला दोन आठवडे, म्हणजे दहा. त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. तिसऱ्या खेपेला तेहतीस दिले असते तर मधले सहा आठवडे वाचले असते. सहा आणि चार, बरोबर दहा. त्याच्या हातात बरोबर पुरेल एवढा वेळ होता आणि तो त्यांनी आपल्या टेबलावर बसून खाल्ला होता. आई गेली तेव्हाही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा त्यांचा काही दोष नव्हता.

मंगळवारची वाट न बघता त्या दुसऱ्याच दिवशी संस्थेत गेल्या, थेट बाराव्या सरांकडे. बारावे सर मुख्य तपासनीस. बारावा पाठ त्यांचा आणि सगळी कपाटंही त्यांच्याकडे. हसायचं त्यांना वावडं होतं, पण माणूस सरळ होता. बाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं.

"किती वेळा?" सरांनी विचारलं.

"तीन वेळा. तेहतीसचे एकतीस, पस्तीसचे एकतीस, छत्तीसचे तीस."

सर बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले. "नजरचूक झाली असेल. होतं असं."

"नाही सर. नजर शाबूत होती."

"मग का केलंत?"

बाईंनी घरून निघताना दोन-तीन कारणं जुळवून ठेवली होती. ती सगळी त्यांनी बाजूला ठेवली. "मला त्याची वाक्यं वाचायची होती," त्या म्हणाल्या. "घरी दुसरं कोणी बोलत नाही."

सरांनी त्यांना बसायला सांगितलं. मग ते नियमांची वही उघडून, बंद करून, पुन्हा उघडून म्हणाले, "पाचही पाठ एकदम पाठवता येतील. पण एकातही बत्तीसच्या खाली आला तर माझ्या हातात काही नाही. आणि पाचही जणांनी आल्या दिवशी तपासायला हवं. पोस्टाने फिरवत बसलो तर जमणार नाही."

"मी घरोघरी घेऊन जाईन."

"जा. कार्डावरची दुरुस्ती शेवटी, सगळे गुण चढले की." सरांनी वही मिटली. "आणि सातवा पाठ यापुढे दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल. हे तुम्हालाही कळत असेल."

"हो," बाई म्हणाल्या. कळत होतंच, पण कानांनी ऐकणं निराळं.

पाच पाठ त्याच दिवशी निघाले. बाविसाव्या दिवशी जाडजूड पाकीट परत आलं. पोस्टाचे जायचे-यायचे दिवस वगळले तर त्या माणसाने पाच पाठ दोन आठवड्यांत केले होते. काकांनी संस्थेच्या फोनवरून बाईंना कळवलं आणि बाई अर्धी वेणी तशीच ठेवून निघाल्या.

इतक्या वर्षांत त्या एकाही तपासनिसाच्या घरी गेल्या नव्हत्या. आठव्यांच्या घरी वर्तमानपत्रांच्या चळती छताला लागल्या होत्या आणि वाट काढत आत जावं लागलं. त्यांनी चष्मा लावला, तपासता तपासता म्हणाले, "अरे वा, याचं 'ए' आणि 'द' मात्र एकदम चोख आहे. तुम्ही घासून घेतलेलं दिसतंय." बाईंनी पुढचे कागद जुळवायला घेतले. नववीने मांडीवर मूल घेऊन तपासलं. दहाव्यांना ऐकू कमी यायचं, त्यांना सगळं कागदावर लिहून दाखवावं लागलं. त्यांनी दुसऱ्यांदा बेरीज केली तेव्हा बाईंचा जीव टांगणीला लागला. बत्तीस. काठावर. आणखी अर्धा गुण गेला असता तर सगळं मुसळ केरात जाणार होतं. समोरच्याच्या हातातलं लाल पेन कसं दिसतं, ते बाई पहिल्यांदाच बघत होत्या. एक गुण वाढवा म्हणून तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती, काढायचा त्यांना हक्क कुठे होता? अकरावे आधी कुरकुरले, आज आपला तपासायचा दिवस नाही म्हणाले, मग बाईंचा चेहरा बघून त्यांनी दारातच कागद मागून घेतले. चौतीस.

संध्याकाळच्या आत त्या संस्थेत परत आल्या. बारावा पाठ सरांनी त्यांच्यासमोरच तपासला. त्या पाठाचा शेवटचा प्रश्न म्हणजे कोणालाही एक पत्र लिहायचं. सर वाचत होते, मधेच थांबले, पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. गुण लिहिले, सदतीस. मग तो कागद त्यांनी बाईंकडे सरकवला.

"तुम्हाला लिहिलंय. वाचा आणि परत द्या. उत्तरपत्रिका आहे ती, ठेवून घेता येणार नाही."

पत्र सातव्या पाठाच्या तपासनिसाला होतं. तुम्ही मला पाच वेळा परत पाठवलंत, असं त्याने लिहिलं होतं. आधी मला राग आला. मग असं झालं, की मी घरी आलो की खोलीकडे बघायचो आणि तुम्हाला काय सांगावं ते शोधायचो. भाऊ गेल्यापासून मी घरात काही बघतच नव्हतो. दुसऱ्या कोणी कंटाळून मला पास केलं असतं. तुम्ही कडक आहात, पण प्रत्येक वाक्य नीट वाचता, हे मला लाल खुणांवरून कळायचं. पुढच्या पाठांत माझ्या खोलीबद्दल कोणी विचारलं नाही. प्रमाणपत्र वेळेवर मिळालं तर मी जाईन. दुसरी खुर्ची नेता येणार नाही. शिट्टी नेणार आहे. तुमची खोली कशी आहे, ते मला कधी कळणार नाही. तुमचे आभार.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. त्यांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि इतका आनंदही. दोन्ही एकदम आलं आणि त्यांना रडू फुटलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी कपाटातून एक्केचाळीस बाराचं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. सातव्या पाठाच्या ओळीत सहा आकडे होते. सव्वीस, एकोणतीस, एकतीस, एकतीस, तीस, अडतीस.

"खरं सांगायचं तर प्रमाणपत्राला शेवटचे अडतीस पुरतात," सर खालच्या आवाजात म्हणाले. "मागचे आकडे कोणी बघत नाही. हे असंच गेलं तरी अडणार काही नाही. सातवा पाठ तुमच्याकडून गेला, तेवढी शिक्षा पुरे झाली."

बाईंना कळलं, सर काय देऊ करत होते. कार्ड असंच गेलं तर तो माणूस जन्मभर त्यांना कडक आणि प्रामाणिक समजणार होता. भावाला सांगणार होता, की एक तपासनीस होत्या, फार नीट वाचायच्या. आयुष्यात मिळालेलं एवढं एकच पत्र तसंच्या तसं राहिलं असतं. आणि सही केली तर एकोणीस वर्षं जपलेला गर्व तर जाणारच होता, वर हे आभारही जाणार होते.

"पेन द्या सर," त्या म्हणाल्या. "लाल."

त्यांनी पहिला एकतीस खोडला, तेहतीस लिहिला आणि शेजारी पूर्ण नाव लिहायला घेतलं. पहिल्या अक्षरापाशी हात अडखळला, किती वर्षांत ते सबंध लिहिलं नव्हतं. मग ते आईने ठेवलेलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं ठळक उतरलं. दुसरा एकतीस खोडून पस्तीस. पुन्हा पूर्ण नाव. तीस खोडून छत्तीस. पुन्हा नाव. तीन सह्या एकाखाली एक दिसायला लागल्या. तिसऱ्या सहीच्या खाली थोडी जागा होती. बाईंनी तिथे इमारतीचं नाव लिहिलं, मजला लिहिला, रस्ता लिहिला.

"पत्ता लागत नाही," सर म्हणाले.

"माहीत आहे."

सरांनी कार्ड उचललं, डोळ्यांपाशी नेलं, तोंडातल्या तोंडात वाचलं. त्यांचं पेन हातातच होतं. त्यांनी त्याला टोपण लावलं, कार्ड प्रमाणपत्राच्या पाकिटात सारलं आणि काकांना हाक मारली. काका पाकीट घेऊन पोस्टात निघाले. बुधवारपर्यंत पोचेल, ते म्हणाले. गोलाला दोन दिवस राखून.

बाई रिकामी पिशवी घेऊन घरी आल्या. लिफ्टमध्ये वर घासल्याचा आवाज येत होता. त्याने शिव्या लिहिल्या तरी चालतील, असं त्यांच्या मनात आलं. निदान पत्र येईल. नाही आलं तर नाही आलं, पण टपालपेटी रोज उघडायला आता निमित्त तरी होतं.

टेबलापाशी आईची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर ठेवायला आता गठ्ठा नव्हता आणि पुढच्या मंगळवारीही नसणार होता. बाईंनी फडकं ओलं करून आणलं. आधी आईची खुर्ची पुसली, मग आपली.